खेळाची पुरवणी आणि न्याय्य किंमत

संगणकावरील आणि मोबाइलवरील खेळ हा साहित्याच्या त्रैमासिकाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचक घेतील. ज्या कृतीत कथानक आहे, पात्रे आहेत, चित्र आणि संगीत आहे, आणि जिच्यासमोर आपल्या धर्मग्रामांतील मुले पुस्तकापेक्षा अधिक वेळ बसतात, तिच्याकडे समीक्षकाने पाठ फिरवावी हे मला पटत नाही. अंबड, भोकरदन, घनसावंगी या बाजूच्या कितीतरी खेड्यांत ग्रंथालयाचे कुलूप महिनोन्‌महिने उघडत नाही. खेळ मात्र घरोघरी पोहोचला आहे. प्रस्तुत लेखापुरता मी त्यातील एकच प्रश्न घेतो. खेळ एकदा विकत घेतल्यावर, किंवा तो फुकट मिळाल्यावर, त्याचे पुढचे भाग, नवी पात्रे, शस्त्रे, पोशाख यांची वेगळी किंमत आकारली जाते. इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाच्या या मालाला मी ‘पुरवणी’ म्हणेन. ही विक्री न्याय्य आहे काय?

वडीलधाऱ्यांचे उत्तर तयार असते : सगळी लूट आहे. तरुणांचेही तयार असते : ज्याला हवे तो घेतो, जबरदस्ती कोणी केली आहे? मला ही दोन्ही उत्तरे सारखीच आळशी वाटतात.

एखादी कृती तुकड्यातुकड्यांनी विकणे यात मुळात काही गैर नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध होत गेली. पुढच्या प्रकरणाची ओढ लावून वाचक बांधून ठेवल्याबद्दल हरिभाऊंना कोणी अन्यायी म्हटलेले नाही. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या संस्थेने २०१५ साली ‘द विचर ३’ हा खेळ काढला. त्याच्या १६ लहान पुरवण्या तिने विनामूल्य दिल्या आणि दोन मोठ्या पुरवण्यांचे पैसे घेतले. त्यांपैकी २०१६ मधील ‘ब्लड अँड वाइन’ ही पुरवणी म्हणजे एक संपूर्ण नवा प्रदेश आणि नवी कथा होती. मूळ खेळ तिच्यावाचून अपुरा नव्हता. येथे श्रम नवे, माल नवा, म्हणून किंमतही नवी. याला अन्याय म्हणता येणार नाही.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर याहून उदार आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली बाहेर आला. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघालेल्या मुलीची ही कथा आहे. राजस्थानी वास्तुशैलीचे वाडे आणि छायाबाहुल्यांतून उलगडणारे कथाभाग यांमुळे तो डोळ्यांना तृप्त करतो. शेवट मात्र घाईघाईने गुंडाळल्यासारखा वाटतो, आणि लढायांतही तोचतोपणा आहे. याच संस्थेने २०२२ साली हिंदी संवाद घालून आणि लढाईची रचना सुधारून नवी आवृत्ती काढली, ती जुन्या ग्राहकांना विनामूल्य दिली. दुसऱ्या आवृत्तीतील दुरुस्त्या पहिल्या आवृत्तीच्या वाचकाला घरपोच देणारा प्रकाशक मराठीत अद्याप जन्माला यावयाचा आहे!

मग बिघडते कोठे? २००६ साली बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या खेळातील घोड्यासाठी शोभेचे चिलखत सुमारे अडीच डॉलरना विकले, तेव्हा खेळाडूंत मोठी टिंगल झाली. माझ्या मते ते निरुपद्रवी होते. मूर्खपणाची वस्तू विकणे हा अन्याय नव्हे; घोडा चिलखतावाचूनही धावत होता. २०१२ सालचा ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’चा प्रकार वेगळा. कॅपकॉम या जपानी कंपनीने त्या खेळाच्या तबकडीतच बारा पात्रे भरून ठेवली होती, पण त्यांना कुलूप होते आणि किल्ली नंतर पैसे घेऊन द्यावयाची होती. ग्राहकाने घरी आणलेल्या पेटाऱ्यातला एक कप्पा दुकानदाराचाच राहिला. हे त्याला आधी स्पष्ट सांगितले असते तर वाद एवढा पेटला नसता. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’च्या दुसऱ्या खंडात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रश्न खर्ची घातला आहे. मालातील जो दोष ग्राहकाला दिसू शकत नाही तो विक्रेत्याने सांगितला पाहिजे, असा त्यांचा निर्णय आहे. उघड दोषाचा त्यात समावेश नाही, कारण तो गिऱ्हाइकालाही दिसतो. कुलूपबंद पात्रे हा छुपा दोष होता.

त्याच प्रकरणात थॉमस आणखी एक सूक्ष्म भेद करतात आणि आजच्या प्रश्नाचे मर्म मला तेथे सापडते. वस्तू सोडताना विक्रेत्याचे नुकसान होत असेल तर त्याने ते किमतीत धरावे. पण त्याचे नुकसान होत नसून केवळ गिऱ्हाइकाची गरज मोठी असेल, तर तेवढ्यासाठी भाव चढवू नये. कारण ती गरज विक्रेत्याच्या मालकीची नाही, आणि जे आपले नाही ते कोणी विकू नये. तेराव्या शतकातील हा विचार आपल्या जिल्ह्याला परका नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराने टँकरचे पाणी विकत घेऊन प्याले. टँकरवाल्याने किती भाव घ्यावा यावर दोन मते होऊ शकतात. डिझेल, चालक, लांबची विहीर हे त्याचे खरे खर्च होते. परंतु नळाची चावी ज्याच्या हाती आहे त्यानेच ती बंद करून दारात टँकर उभा केला, तर त्या व्यवहाराला आपण काय म्हणू?

मोबाइलवरील कितीतरी खेळ नेमके हेच करतात. ‘कँडी क्रश सागा’ हा २०१२ पासून घरोघरी खेळला जाणारा खेळ पाहा. खेळाडूला पाच ‘जीव’ मिळतात. डाव हरला की एक जातो. गेलेला जीव परत यावयास ३० मिनिटे लागतात. थांबावयाचे नसेल तर पैसे भरावेत. ही तीस मिनिटे कोठून आली? ती निसर्गाने घातली नाहीत, यंत्राची ती गरज नाही. ती विक्रेत्याने घातली, आणि तोच ती दूर करण्याचे दाम घेतो. थॉमस यांच्या बाजारातील व्यापारी गिऱ्हाइकाच्या गरजेचा फायदा घेत असे. येथे गरज त्याच्याच कारखान्यात तयार होते. भर घालून विकणे न्याय्य, स्वतः घातलेला अडथळा काढून विकणे अन्याय्य, अशी माझी विभागणी आहे. पुरवणी महाग की स्वस्त, हा प्रश्न त्यानंतरचा.

फुकट खेळांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. थोडे श्रीमंत खेळाडू पोशाखासाठी पैसे मोजतात, म्हणून ऊसतोड मजुराचा मुलगाही तोच खेळ विनामूल्य खेळू शकतो. पुण्याच्याच सुपरगेमिंग या संस्थेचा ‘इंडस’ हा खेळ २०२४ च्या ऑक्टोबरात आला, तो याच व्यवस्थेवर चालतो. नुसत्या पोशाखाने डावात सरशी होत नसेल तर मला त्यात फारसे वावगे दिसत नाही. पण हिशेब कोणत्या नाण्यात होतो ते पाहिले पाहिजे. पोशाख रुपयांत विकला जात नाही. आधी रुपये देऊन ‘हिरे’ किंवा ‘यूसी’ घ्यावयाचे, तेही ठरावीक गठ्ठ्यांत, आणि मग त्यांतून वस्तू घ्यावयाची. वस्तूला जितके लागतात तितकेच नेमके घेता येत नाहीत. थोडे उरतात, आणि उरलेले पुन्हा खरेदीला बोलावतात. संदेष्टा आमोस याने माप लहान आणि वजन जड करणाऱ्या धान्यव्यापाऱ्यांवर कोरडे ओढले. ज्या तराजूवर रुपयाचा काटाच दिसत नाही, त्याच्याविषयी तो काय बोलला असता?

आणि गिऱ्हाईक कोण, हेही विसरता येत नाही. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ २०२१ साली सुरू झाला तेव्हा कंपनीनेच अठरा वर्षांखालील खेळाडूंवर मर्यादा घातली : दिवसाला तीन तास आणि दिवसाला ७,००० रुपये. मर्यादा घालावीशी वाटली याचे श्रेय मी देतो. पण आकडा पाहा. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामासाठी २०२५-२६ साली जाहीर झालेला दर ३१२ रुपये होता. म्हणजे आईच्या बावीस दिवसांच्या मजुरीहून अधिक रक्कम मुलाने एका दिवसात उडवावी, येथपर्यंत या मर्यादेची परवानगी आहे.

‘त्याने संमती दिली होती’ हे उत्तर येथे चालत नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्द ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबीच्या खटल्यात १९०३ साली स्पष्ट केले. प्रौढांच्या बाबतीतही पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मजुरीविषयी जे सांगितले ते लागू पडते : दोघांनी कबूल केले एवढ्याने व्यवहार न्याय्य होत नाही, करारापूर्वीचा एक न्याय असतो. सरकारेही हे हळूहळू ओळखू लागली आहेत. ‘फोर्टनाइट’च्या पडद्यावरील बटणांच्या मांडणीमुळे नको असलेली खरेदी होत असे, या आरोपावरून एपिक कंपनीने २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत २४ कोटी ५० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला भुलविणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरविले. खोटी घाई लावणे आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करणे हे त्यांतच आहेत.

किंमत ही विकणारा आणि घेणारा यांच्यातील खाजगी बाब आहे, असे म्हणणाऱ्यांना मी बियाणांच्या या जिल्ह्यातून एक दाखला देतो. बीटी कपाशीच्या पाकिटाच्या किमतीत बियाणाबरोबर तंत्रज्ञानाचे मूल्यही असे. शेतकऱ्याने ते पाकीट दरसाल राजीखुशीने घेतले, तरीही केंद्राने २०१५ च्या आदेशान्वये ही किंमत आपल्या हाती घेतली. २०१६-१७ च्या हंगामासाठी बीजी-२ चे पाकीट ८०० रुपयांचे ठरले, त्यात तंत्रज्ञानाचे ४९ रुपये होते. २०२०-२१ मध्ये हे मूल्य शून्यावर आले. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर शेतकरी संघटनांतही मतभेद आहेत. पण संशोधकाचा वाटा किती असावा हा प्रश्न चारचौघांत विचारला गेला. खेळांच्या बाबतीत तो विचारलाच जात नाही.

कलेच्या दृष्टीने होणारी हानी मला याहून अधिक खटकते. कादंबरीकार वाचकाला रोखून धरतो तो उत्कंठा वाढविण्यासाठी. ती उत्कंठा कथेच्याच मालकीची असते. जो खेळ थांबविण्यावरच पोट भरतो, त्याच्या कर्त्याला खेळाडू किंचित कंटाळलेला, किंचित चिडलेला हवा असतो. संपूर्ण आनंद झाला तर विक्री होत नाही. ‘राजी’तील उणिवा हातून राहून गेलेल्या आहेत. या दुसऱ्या जातीच्या खेळांतील उणिवा मोजूनमापून बसविलेल्या असतात, आणि समीक्षकाने त्यांना रचनेतील दोष म्हणावे की दुकानाची पाटी म्हणावे, हे ठरविणे कठीण होते.

संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून खेळण्यावर बंदी घातली. पैजेची रक्कम नसलेल्या खेळांना वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घेण्याची मुभा ठेवली. हा भेद मला मान्य आहे. कीर्तनाला तिकीट लावले म्हणून तो जुगार होत नाही. परंतु ज्या बंद पेटीत काय निघेल ते पैसे भरल्यावरच कळते, तिला बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ सालीच जुगार ठरविले आहे. आपल्या मुलांच्या मोबाइलवरील पेटी पैजेत मोडते की शुल्कात, हे पालकसभांनी आणि आपल्या धर्मप्रांतांच्या युवासमित्यांनी आपल्या लोकप्रतिनिधींना विचारावे, आणि विचारताना ७,००० व ३१२ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून न्यावेत.