मनाचा उपचार आणि मनाची कविता

बहिणाबाई चौधरींच्या मनविषयक कवितेचा समुपदेशनाच्या व्यासपीठांवरील वापर आता रूढ झाला आहे. अल्बर्ट एलिसने १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आणि आपली अध्यात्मपरंपरा यांचा सांधा डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी मराठीत जोडला. रामदासांच्या मनाच्या २०५ श्लोकांपुरता तो बऱ्याच अंशी टिकतो. तेथे मनालाच संबोधिले आहे, त्याला समजाविता येते. आणि स्वतःशी चालणारा संवाद हे एलिसच्याही पद्धतीचे साधन आहे.

बहिणाबाईंना हा न्याय लावता येत नाही. येथे मनाला उपदेश नाहीच. मन तृतीयपुरुषी आहे, पुन्हापुन्हा हाकलले तरी शेतात परतणारे जनावर. (प्रमाण ‘ओढाळ’चे ‘वढाय’ होताना ‘ळ’चा ‘य’ होतो, कवितेची बोली लेवा असली तरी चाळीसगावच्या अहिराणीभाषकाला हा उच्चार परका नाही.) ओढाळपणा हा गुराचा स्वभाव आहे, विकार नव्हे. शिवाय साप-विंचवाच्या विषावर मंत्राचा उतारा चालतो, मनाचे विष मात्र त्यांहून जहाल, असा या कवितेचा रोख आहे. म्हणजे उपचाराची भाषा तिला ठाऊक आहे आणि तिची मर्यादाही. उपचारार्थ केलेल्या वाचनात नेमके हेच कडवे सौम्य करून सांगितले जाते.

शेवटी प्रश्न वळतो तो मनाकडे नव्हे, देवाकडे: जागेपणी पडलेल्या कोणत्या स्वप्नातून त्याने हे घडविले? या प्रश्नात शरणागतीपेक्षा विस्मय अधिक आहे, आणि किंचित उलटतपासणीही.