माइलस्टोन, क्रिटिकल पाथ, टीमवर्क: पीएचडीच्या प्लॅनमधले उसने शब्द



पेट किंवा नेट झाली की पुढचा डोंगर म्हणजे रिसर्च प्रपोजल. प्रपोजलचं शेवटचं पान तुम्ही कुठल्याही विषयाचं उघडून बघा, साधारण सारखंच दिसतं. सहा-सहा महिन्यांचे रकाने आणि त्यात रंगवलेल्या पट्ट्या. साहित्याचा आढावा सहा महिने, प्रयोग दीड वर्ष, विश्लेषण एक वर्ष, प्रबंधलेखन सहा महिने. सोबत माइलस्टोन, डेडलाइन, टीमवर्क हे शब्द पेरलेले असतात.

हे सगळे शब्द प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधून आले आहेत. ते टाकाऊ आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. पण प्रत्येक शब्द एका ठरावीक कामासाठी तयार झाला होता. ते काम कोणतं होतं हे न बघता शब्द उचलला, तर पुढे तोच शब्द तुमच्या मानेवर बसतो. कारण यूजीसीच्या नियमांनुसार दर सहा महिन्यांनी तुम्हाला रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीसमोर उभं राहून प्रगती सांगायची असते, आणि तिथे समोर तुमचाच चार्ट ठेवलेला असतो. म्हणून आज यातले पाच शब्द तपासून बघू.

1. गँट चार्ट

हेन्री गँट हा अमेरिकन इंजिनिअर. त्याचे चार्ट 1910 च्या दशकात कारखान्यांच्या कामातून पुढे आले. त्याच्याही आधी, 1896 मध्ये, पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीने असाच एक तक्ता केला होता. दोघांसमोर होतं कारखान्यातलं उत्पादन. तिथे एक भाग तयार व्हायला किती वेळ लागतो हे माहीत असतं, कारण तोच भाग आधी शेकडो वेळा केलेला असतो.

संशोधनात नेमकं हेच नसतं. ‘सिंथेसिस: 4 महिने’ अशी पट्टी आपण काढतो, पण ते मटेरियल अजून कोणीच बनवलेलं नसेल तर हा 4 आकडा आला कुठून? माझा मुख्य आक्षेप असा आहे की गँट चार्ट सगळ्या कामांना एकच रंग देतो. कोर्सवर्क आणि नवा शोध, दोन्हींची पट्टी सारखीच दिसते.

यावर एक साधा उपाय आहे. चार्ट काढा, पण कामांचे तीन प्रकार करा. पहिला, ठरलेली कामं: कोर्सवर्क, सॅम्पलचं एक्सआरडी, आकृत्या काढणं. दुसरा, वाट बघायची कामं: रसायन येणं, इन्स्ट्रुमेंटचा स्लॉट मिळणं, पेपरचा रिव्ह्यू परत येणं. तिसरा, शोधायची कामं. या तिसऱ्या प्रकारासमोर ‘काम पूर्ण’ अशी तारीख लिहू नका, निर्णयाची तारीख लिहा. उदाहरणार्थ, ‘मार्चअखेर शुद्ध फेज मिळाली नाही तर हायड्रोथर्मल सोडून सोल-जेल पद्धत घेणार’. हाच खरा माइलस्टोन. रस्त्यावरचा मैलाचा दगड अंतर सांगतो, पण संशोधनात वळायचं कुठे हे आधी ठरवावं लागतं.

2. क्रिटिकल पाथ

ही पद्धत 1950 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्यूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी मिळून विकसित केली. रासायनिक कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागतो, तो काळ कमी कसा करायचा, अशा कामात ती वापरली गेली. माझ्या मते पाचही शब्दांमध्ये आपल्या सर्वांत कामाचा शब्द हाच आहे, आणि प्रपोजलमध्ये सर्वांत कमी समजून वापरला जाणाराही हाच.

समजा, एका रसायनाच्या खरेदीच्या कागदपत्रांना 4 आठवडे लागतात आणि माल यायला 8. एकूण 12. त्याच काळात तुम्ही साहित्याचा आढावा घेणार, त्याला 6 आठवडे. आता रात्री जागून तुम्ही आढावा 4 आठवड्यांत संपवला, तर प्रयोग किती लवकर सुरू होईल? एक दिवसही नाही! पण खरेदीचा फॉर्म एक आठवडा टेबलावर पडून राहिला, तर सगळंच एक आठवडा पुढे जाईल. खरेदी क्रिटिकल पाथवर आहे, आढावा नाही.

म्हणजे आज कोणत्या कामात घाई करून उपयोग आहे आणि कोणत्या कामात नाही, हे हा शब्द सांगतो. दिवसभर राबूनही काही पुढे सरकत नाही असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा आपण क्रिटिकल पाथच्या बाहेर घाम गाळत असतो.

3. पार्किन्सनचा नियम

जेवढा वेळ द्याल तेवढं काम पसरतं, असं हा नियम सांगतो. प्रॉडक्टिव्हिटीवर बोलणारे लोक तो फार गंभीरपणे वापरतात: डेडलाइन निम्मी करा, काम आपोआप आटोपेल.

मुळात हा नियम म्हणजे एक चिमटा होता. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये तो मांडला, आणि त्यांचा रोख होता सरकारी कचेऱ्यांवर. त्यांनी दिलेला दाखला ब्रिटिश नौदलाचा आहे: 1914 ते 1928 या काळात मोठ्या युद्धनौका 62 वरून 20 वर आल्या, आणि ॲडमिरल्टीतले अधिकारी मात्र 2,000 वरून 3,569 झाले. काम कमी झालं तरी माणसं वाढतच जातात, हा त्यांचा विनोद होता.

तो विनोद आता संशोधकाला शिस्त लावायला वापरला जातो. पण ऑटोक्लेव्हमध्ये 12 तास ठेवायचं सॅम्पल डेडलाइन बघून 6 तासांत तयार होत नाही. पेशींची वाढही आपलं कॅलेंडर बघून होत नाही. पीपीटीचे रंग बदलत बसणं, आकृतीचा फॉन्ट चौथ्यांदा बदलणं, तिथे हा नियम जरूर लावा. प्रयोगाला लावू नका.

4. प्लॅनिंग फॅलसी

हा शब्द मात्र प्रपोजल लिहिण्याआधीच माहीत हवा. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये तो मांडला: स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस नेहमी कमीच करतो, मागचा अनुभव उलटा असला तरीही.

1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी मानसशास्त्राच्या 37 विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रबंधाबद्दल विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज होता 33.9 दिवस. सगळं वाईटात वाईट झालं तर? 48.6 दिवस. प्रत्यक्षात सरासरी 55.5 दिवस लागले. बघा, ‘वाईटात वाईट’ म्हणून धरलेला आकडासुद्धा कमी पडला.

म्हणून पार्किन्सनचा नियम आणि प्लॅनिंग फॅलसी एकत्र ठेवून वाचा. आधीच कमी धरलेली डेडलाइन आणखी निम्मी केली, तर काम लवकर होत नाही, फक्त उशिराची लाज दुप्पट होते. त्याऐवजी स्वतःच्या उत्साहाला बाजूला ठेवा आणि लॅबमधल्या मागच्या चार सिनिअर्सना विचारा: पहिला पेपर सबमिट करायला तुम्हाला किती महिने लागले होते? त्यांचं उत्तर हा तुमचा आकडा. ‘पण मी जास्त मेहनत करेन’ हे वाक्य त्यातून वजा करू नका, त्या चौघांनीही तेच म्हटलं असणार.

5. टीमवर्क, आणि ‘स्टॉर्मिंग’

फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग हे चार टप्पे ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये मांडले. टीम आधी जमते, मग भांडते, मग सावरते, मग कामाला लागते. ऐकायला छान वाटतं. पण टकमन यांनी हे टप्पे साधारण 50 लेखांच्या आढाव्यातून काढले होते, आणि त्यातला मोठा भाग थेरपीच्या आणि प्रशिक्षणाच्या गटांबद्दल होता. अशा गटात माणसं साधारण बरोबरीने बसलेली असतात. लॅब तशी नसते. तिथे दरवर्षी नवे येतात, जुने जातात, आणि सह्या करायचा अधिकार एकाच माणसाकडे असतो.

मला सर्वांत जास्त खटकतो तो याच शब्दाचा वापर. पेपरवर नाव कितवं येणार यावरून तक्रार झाली आणि कोणी ‘अरे, हा स्टॉर्मिंग फेज आहे, होईल शांत’ असं म्हणालं, तर एका खऱ्या प्रश्नाला हवामानाचा अंदाज करून टाकलं जातं. नावांचा क्रम आपोआप शांत होत नाही, तो ठरवावा लागतो. काम सुरू करतानाच कोण काय करणार आणि नाव कुठे येणार हे एका ईमेलवर लिहून घ्या. गाईड सर किंवा मॅडमना ‘आपलं असं ठरलं ना?’ म्हणून नम्रपणे पाठवा. त्यात उद्धटपणा काही नाही.

टीमबद्दल त्यापेक्षा उपयोगी पुस्तक आहे फ्रेड ब्रूक्स यांचं ‘द मिथिकल मॅन-मंथ’, 1975 चं. आयबीएमच्या ओएस/360 या प्रचंड सॉफ्टवेअरच्या अनुभवावरून ते सांगतात की आधीच उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. तीन माणसांत बोलण्याच्या जोड्या 3 असतात, सहा माणसांत 15. शिवाय नव्याला शिकवणार कोण? जो आधीच अडकलाय तोच. शेवटच्या वर्षात मदतीला म्हणून एमएस्सीचा विद्यार्थी दिला जातो, तेव्हा हे आठवा. 40 सॅम्पल धुवायची, वजन करायची असतील तर ते काम वाटता येतं. अर्धवट राहिलेलं विश्लेषण वाटता येत नाही.

मग प्रपोजलमध्ये काय लिहायचं?

माझा हिशोब असा: क्रिटिकल पाथ आणि प्लॅनिंग फॅलसी मनापासून वापरा. गँट चार्ट दुरुस्त करून वापरा. ब्रूक्स यांचा मुद्दा मदत घेण्याआधी तपासा. पार्किन्सन पीपीटीपुरता ठेवा, आणि स्टॉर्मिंग हा शब्द तक्रारीवर झाकण म्हणून कोणालाही वापरू देऊ नका.

हा नुसत्या शब्दांचा काथ्याकूट नाही. जेआरएफ-एसआरएफ मिळून फेलोशिप साधारण पाच वर्षांची असते, आणि यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीची मुदत किमान 3 आणि एरवी कमाल 6 वर्षं आहे. कारखान्याचं वेळापत्रक स्वतःला लावून घेतलं, तर तिसऱ्या वर्षी तुम्ही स्वतःला आळशी समजू लागता, आणि प्रत्यक्षात चूक त्या पट्टीत असते. निर्णयाच्या तारखा असलेला प्लॅन घेऊन कमिटीसमोर गेलात, तर ‘हे जमलं नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे इकडे वळलो’ असं ताठ मानेने सांगता येतं. त्यालाही प्रगतीच म्हणतात.