विकत घेतलेल्या संगीताची खाजगी प्रत : प्रताधिकार कायद्यातील तरतुदीची चिकित्सा

प्रास्ताविक :
संगीताची कॅसेट विकत घेणारा रसिक नेमके काय विकत घेतो, हा वरवर साधा वाटणारा प्रश्न प्रताधिकार कायद्याच्या मुळाशी जाणारा आहे. कॅसेटची फीत त्याच्या मालकीची होते. ध्वनिमुद्रणावरील प्रताधिकार मात्र निर्मात्याकडेच राहतो. कुमार गंधर्व वा भीमसेन जोशी यांच्या गायनाची फीत जीर्ण होऊ लागली, की ती सीडीवर उतरवून घेणे रसिकांना स्वाभाविक वाटत आले. या कृतीकडे भारतीय कायद्याने कसे पाहिले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

कायद्यातील स्थित्यंतर :
प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२ हे 'रास्त व्यवहारा'चे कलम होय. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात 'खाजगी वापर' हा हेतू समाविष्ट झाला. परंतु ही सवलत साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती आणि कलाकृती यांपुरती होती. कायद्याच्या परिभाषेत संगीतकृती म्हणजे स्वररचना. ध्वनिमुद्रण हा स्वतंत्र प्रकार ठरतो. परिणामी स्वररचना खाजगी वापरासाठी लिहून घेणाऱ्यास संरक्षण होते, तर तिच्या ध्वनिमुद्रणाची प्रत काढणाऱ्यास या तरतुदीचा आधार नव्हता. ही विसंगती २०१२ च्या दुरुस्तीने दूर केली. संगणक प्रणाली वगळता कोणत्याही कृतीचा 'खाजगी वा व्यक्तिगत वापर' आता रास्त व्यवहारात येऊ शकतो. मात्र त्याच दुरुस्तीने ध्वनिमुद्रण इलेक्ट्रॉनिक साधनांनी साठविण्याचा अधिकारही मालकाच्या हक्कांत स्पष्टपणे घातला. त्यामुळे रसिकाची प्रत 'रास्त' आहे किंवा नाही, यावरच सारे अवलंबून राहते आणि 'रास्त' या शब्दाची व्याख्या कायद्यात नाही.

कुलूप आणि किल्ली :
२०१२ मध्येच आलेले कलम ६५-क तांत्रिक कुलपासंबंधी आहे. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे. कायद्याने निषिद्ध न केलेल्या हेतूसाठी ते उघडण्यास मात्र आडकाठी नाही. ही भूमिका समंजस आहे. तथापि, किल्ली पुरविण्याचे बंधन कंपनीवर नाही. तंत्रज्ञान न जाणणाऱ्या रसिकाची सवलत त्यामुळे कागदावरच राहते.

तौलनिक विचार :
अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी खटल्यात, सवडीने पाहण्यासाठी दूरदर्शन कार्यक्रम घरी मुद्रित करणे हा 'फेअर यूज' असल्याचा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी दिला. जर्मनीने १९६५ पासून ध्वनिमुद्रण यंत्रांवर आकार बसवून खाजगी प्रतीचा मोबदला कलावंतांना देण्याचा मार्ग पत्करला. ब्रिटनने २०१४ मध्ये कायमस्वरूपी प्राप्त केलेल्या प्रतीपुरती सवलत दिली आणि ती नाकारणारी करारातील अट निष्प्रभ ठरविली. परंतु मोबदल्याविना हक्कधारकांची हानी नगण्यच राहील, हे शासनाला पुराव्याने दाखविता न आल्याने उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती सवलत रद्द केली. कलावंतांचा मोबदला दुर्लक्षून रसिकाचा हक्क टिकत नाही, हा या घटनेचा धडा होय.

समारोप :
भारतीय तरतुदीची खरी मर्यादा आज प्रकट होत आहे. कॅसेट व सीडी यांची जागा वर्गणी भरून ऐकण्याच्या सेवांनी घेतली आहे. या व्यवहारात रसिकाच्या हाती वस्तू येत नाही, केवळ करारान्वये ऐकण्याची परवानगी मिळते. वर्गणी थांबताच ऑफलाइन साठविलेली गाणीही बंद होतात. जुनी फीत वाचविण्याची मुभा २०१२ मध्ये मिळाली खरी, पण तेव्हा फीतच मागे पडत चालली होती. विकत घेतलेल्या प्रतीची खाजगी नक्कल करण्याचा हक्क करारातील अटींनी हिरावता येणार नाही, असे कायद्याने स्पष्ट करणे आणि त्याबरोबरच कलावंतांच्या मोबदल्याची सोय करणे अगत्याचे आहे. अन्यथा 'रास्त व्यवहार' हा रसिकाचा हक्क न राहता, खटला झालाच तर न्यायालयात मांडावयाचा केवळ एक बचाव ठरेल.