‘महाराज, तुकाराम’ : झोटेरो आणि आपली संदर्भसूची

आता झोटेरोकडे येतो. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात, इतिहासाच्या अभ्यासकांच्या पुढाकारानं २००६ साली हे सॉफ्टवेअर सुरू झालं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. मी वापरतो, तुम्हीही वापरा. चिठ्ठ्यांचे खोके सांभाळायचे दिवस गेले याची मला जराही हळहळ नाही. पण मराठी प्रबंधांच्या शेवटी हल्ली जी सूची छापली जाते, तिच्याबद्दल बोलायलाच हवं.

एका प्रबंधात मी ‘महाराज, तुकाराम’ अशी नोंद पाहिली. (हशा) हसताय, पण हे अगदी सहज घडतं. लेखकासाठी झोटेरो दोन चौकटी देतो, आडनाव आणि नाव. ‘तुकाराम महाराज’ असं दोन चौकटींत वाटलं, की ‘महाराज’ हे आडनाव होतं आणि तुकोबा ‘म’खाली जाऊन बसतात. वास्तविक त्या चौकटींशेजारीच एक बटण आहे, ते दाबलं की अख्खं नाव एकाच चौकटीत लिहिता येतं. म्हणजे आडनाव नसलेला लेखक यंत्राला चालतो. बटण दाबलं नाही ते आपण.

शकाचं प्रकरण मात्र गंभीर आहे. शके १८२० म्हणजे इसवी १८९८. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला ते वर्ष. जुन्या पुस्तकावरचा शके १८२० पाहून कुणी वर्षाच्या चौकटीत नुसतं १८२० लिहिलं, तर यंत्र हूं की चूं करत नाही. पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षं मागे जातं, पेशवाई बुडाल्यानंतर दोनच वर्षांत छापलेलं दिसतं! राजवाड्यांच्या बाबतीत कुणीतरी पकडेल, त्यांचा जन्मच १८६३चा. पण एखाद्या अपरिचित लेखकाचं पुस्तक असेल तर? पुढचा अभ्यासक त्या आकड्यावर मराठी मुद्रणाचा इतिहास रचून मोकळा होईल.

आणखी एक. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नाही, त्यामुळे क्रमांक टाकून माहिती आपोआप भरण्याची सोय इथे लागू पडत नाही. मग मुलं परदेशी ग्रंथालयांच्या कॅटलॉगमधून रोमन लिपीतली नोंद उचलतात. तेच पुस्तक आधी देवनागरीत हातानं भरलेलं असतं. शीर्षकं वेगळ्या लिपीत, म्हणून दुबार नोंद यंत्राच्या लक्षात येत नाही. सूचीत एक पुस्तक दोनदा, आणि पुस्तकांचा आकडा फुगलेला. मार्गदर्शक स्वल्पविराम तपासतात, हे नाही.

मी विद्यार्थ्यांना प्रत्येक नोंदीला पुस्तकाच्या शीर्षकपानाचा फोटो जोडायला सांगतो. झोटेरोत फाइल जोडता येते. फोटो नसेल तर पुस्तक हातात घेतलेलं नाही असं मी धरतो. बरीच कुरकुर होते. एकानं विचारलं, ‘सर, ऑनलाइन वाचलेल्याचं काय?’ अरे, स्कॅनमध्येही ते पान असतंच की.