कोयनेचा भूकंप १० तारखेचा की ११?

कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, हे साताऱ्यात कोणीही सांगेल. आंतरराष्ट्रीय नोंदींत मात्र तो १० डिसेंबरला, रात्री १० वाजून ५१ मिनिटांनी सापडतो. दोन्ही बरोबरच, तिथली वेळ ग्रिनिचची, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे.

आमची तक्रार आहे ती अशा नोंदींवरून केलेल्या दिवसवार कोष्टकांबद्दल. ‘तारखेनुसार गट कर’ म्हटले की संगणक तास-मिनिटे छाटतो आणि उरलेल्या तारखेखाली धक्के मोजतो. आधी साडेपाच तास मिळवायचे, मग छाटायचे, हा साधा क्रम पुष्कळदा राहून जातो. मग आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचा प्रत्येक धक्का आदल्या दिवसात जमा! एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्यात. कोणती वेळ धरली, हे कोष्टकाखाली लिहिण्याचीही तसदी नाही.

सांगलीच्या पावसाचे आणखी निराळे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे काल संध्याकाळची सर आजच्या तारखेवर. कृष्णेची पातळी मात्र मध्यरात्र ते मध्यरात्र अशी गटात घातली, तर ऑगस्ट २०१९ च्या पुराच्या आलेखात पाणी आधी चढले आणि पाऊस नंतर पडला, असेही दिसू शकते.