शिक्का आणि मजकूर

मराठी भाषेच्या आधुनिक व्यवहारांतील स्थानाविषयीं वाद निघाला कीं दोन कोशांचीं नांवें हटकून पुढें येतात. एक, शिवराज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास तयार झालेला 'राजव्यवहारकोश'. दुसरा, भाषा संचालनालयानें १९६२ सालीं प्रसिद्ध केलेला 'पदनाम कोश'. पहिल्याची स्तुति करावी व दुसऱ्याची थट्टा, असा प्रघात पडून गेला आहे. आमच्या मतें दोहोंसहि एकच कसोटी लावणें न्याय्य होईल, आणि ती कसोटी वाचकांच्या संग्रहांतील जुन्या कागदांतच सांपडते.

कागदास शिक्का असतो व मजकूर असतो. पेशव्यांच्या शिक्क्यांत 'मुख्य प्रधान' हीं अक्षरें आहेत. राजव्यवहारकोशानें 'पेशवा' या फार्सी शब्दास दिलेला प्रतिशब्दहि 'प्रधान' हाच. तथापि लोकांच्या तोंडीं पेशवा तो पेशवाच राहिला, आणि त्याच्या दफ्तरास आजहि पेशवे दफ्तरच म्हणतात. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. परंतु फडणीस, कमाविसदार, जमाखर्च हे शब्द लेखणींतून हटले नाहींत. यांत कोशकाराचें न्यून दाखविण्याचा हेतु नाहीं. दहा वर्गांतील त्याची मांडणी सुबक आहे, व स्वराज्याच्या अभिमानाचें तें उत्तम स्मारक आहे. शिवकालापासून पत्रांतील फार्सी शब्दांचें प्रमाण घटत गेलें, हेंहि वि. का. राजवाडे यांनीं शब्द मोजून दाखविलें आहे. पण तें श्रेय एकट्या कोशास देतां येत नाहीं. वसुली, वतनांचे निवाडे, फौजेच्या हालचाली, घरची खुशाली हें सर्व मराठींत लिहिलें जाऊं लागलें, म्हणून भाषा आपली आपण निवळत गेली.

पदनाम कोशाचें परीक्षणहि याच रीतीनें करावें. 'आयुक्त', 'संचालक' असले शब्द ज्यांनीं हंसण्यावारी नेले, त्यांच्याच नातवंडांस ते आज सहज वाटतात. संस्कृताचे जुने विद्यार्थी या नात्यानें आम्हांस याचा आनंदच आहे. तरी स्पष्ट लिहिलें पाहिजे कीं, त्या कोशानें इंग्रजी कारभाराची उतरंड तशीच ठेवून तिच्या प्रत्येक पायरीवर मराठी नांव घातलें. पदनाम हा शिक्काच होय. त्याखालचा मजकूर कोणत्या भाषेंत विचार करून लिहावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला.

परळ-लालबागचें उदाहरण याच्या उलट आहे. ताडदेवास १८५६ सालीं कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी सुरू झाली, व पुढें उत्तरेकडे सारें गिरणगांव उभें राहिलें. तेथें यंत्र विलायती होतें आणि कोणी कोश करून दिला नव्हता. तरीहि भोंगा, साचा, खातें, पाळी, बदली हे शब्द रुळले. त्यांतील कित्येक जुनेच असून नव्या अर्थानें कामास आले. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे हे 'दीनबंधु' पत्र मुंबईंतून चालवीत, व त्यांत कामगारांचीं गाऱ्हाणीं मराठींत छापलीं जात. आधुनिक जीवनांत मराठीस येथें जें स्थान मिळालें, तें शिक्क्यावांचून मिळालें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि त्या शब्दांचे धनी पांगले.

परदेशांतील वेल्श भाषेचा दाखलाहि येथें घेण्याजोगा आहे. १५३६ च्या कायद्यानें ती न्यायालयांतून उठविली गेली. १५८८ च्या बायबलाच्या भाषांतरानें तिला प्रार्थनामंदिरांत आसरा दिला. २०११ सालच्या कायद्यानें तिला अधिकृत दर्जा मिळाला. परंतु त्याच सालच्या खानेसुमारींत वेल्समध्यें सुमारें ५ लक्ष ६२ हजार वेल्शभाषी होते, ते २०२१ मध्यें ५ लक्ष ३८ हजारांवर आले. शिक्का उमटला, आणि मजकूर आखडत गेला.

आमच्याकडे २०२२ च्या दुरुस्तीनें लहान दुकानांसहि मराठी पाटी सक्तीची झाली, व ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी इष्टच आहेत. तथापि गिरगांवांत किंवा दादरास मराठी पाटी वाचून दुकानांत शिरावें, तर हातीं येणारी पावती बहुधा इंग्रजी असते.

म्हणून संग्राहकांस आमची एक विनंती आहे. जुन्या चाळी पुनर्विकासासाठीं रिकाम्या होत असतां माळ्यावरचीं गांठोडीं रद्दींत जात आहेत. त्यांत चाळसमित्यांचीं इतिवृत्तें, गणेशोत्सव मंडळांच्या वर्गणीवह्या, पतपेढ्यांचे हिशेब असतात. ते कागद मोडींत नाहींत व त्यांवर राजमुद्रा नाहीं, एवढ्यावरून ते टाकाऊ ठरूं नयेत. पुढें एखाद्या राजवाड्यास विसाव्या शतकांतील मुंबईच्या मराठीचे शब्द मोजावयाचे झाले, तर तो हेच कागद मागेल.