पॅलाडिन, असॅसिन आणि भाड्याचा भालाईत

रात्रीची वेळ, मधोमध शेकोटी आणि तिच्याभोवती उभी असलेली काही माणसे. 'डायब्लो टू' या संगणकावरच्या खेळात पात्र निवडण्याचा पडदा असा आहे. त्यांतल्या एकावर माउस नेऊन दाबला की ती व्यक्ती पुढे येते, तिच्याविषयी दोन ओळी उमटतात, आणि पुढचे कित्येक तास आपण कोण असणार हे खेळणाऱ्याला तिथेच ठरवावे लागते. यालाच 'कॅरेक्टर क्लास' निवडणे म्हणतात. २००० साली खेळ आला तेव्हा शेकोटीपाशी पाच जण होते: अ‍ॅमेझॉन, बार्बेरियन, नेक्रोमॅन्सर, सॉर्सरेस आणि पॅलाडिन. २००१च्या पुरवणीत ड्रुइड आणि असॅसिन हे दोघे वाढले. 'क्लास'ला 'वर्ग' म्हणून भागत नाही. 'जात' म्हटले तर अर्थ अधिक जवळ येतो, कारण कोणती विद्या शिकता येईल हे आरंभीच ठरते आणि मध्येच क्लास बदलता येत नाही. फरक एवढाच, की इथे ती आपण स्वतः निवडतो. फरक लहान नाही, हेही खरे.

मराठी कथा-कादंबरीत आणि चित्रपटात मुसलमान पात्र कोणत्या पेशात, कोणत्या पोशाखात आणि कुणाच्या बाजूने दिसते, याची चर्चा आपण अनेक वर्षे करीत आलो आहोत. आपली मुले तासन्‌तास जे खेळतात त्याबद्दल मात्र आपले मत 'डोळे बिघडतील' याच्या पलीकडे जात नाही. त्या शेकोटीभोवतीची नावे कुठून आली, हा साहित्याचाच प्रश्न आहे. निदान दोन नावांच्या बाबतीत तरी तो थेट आपल्यापाशी येतो.

पहिले नाव पॅलाडिन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ राजवाड्यातला माणूस. शार्लमेन बादशहाचे बारा निवडक सरदार म्हणजे पॅलाडिन, आणि त्यांतला सर्वांत नामांकित रोलाँ. फ्रेंच महाकाव्यात हा रोलाँ सॅरासेनांशी, म्हणजे मुसलमानांशी, लढता लढता मरतो. इतिहास वेगळे सांगतो. ७७८ साली शार्लमेन स्पेनमध्ये गेला तो तिथल्याच काही मुस्लिम सरदारांच्या बोलावण्यावरून. परतताना पिरेनीज पर्वताच्या खिंडीत त्याच्या सैन्याच्या पिछाडीवर हल्ला झाला, तो बास्क लोकांनी केला, आणि ते मुसलमान नव्हते. पुढे तीन शतकांनी, क्रुसेडच्या सुमारास, महाकाव्य रचले गेले तेव्हा मारेकरी बदलले होते. कवीला शत्रू हवा होता आणि तो त्याला काळाने पुरवला.

दुसरे नाव असॅसिन. ही तर निंदेतूनच जन्मलेली संज्ञा. हसन-ए-सब्बाहने १०९० मध्ये इराणमधला अलामूतचा किल्ला घेतला आणि निजारी इस्माइलींची सत्ता उभी केली. १२५६ मध्ये मंगोलांनी ती मोडली. शत्रूंनी त्यांना हशीशशी जोडलेले हिणवणारे नाव दिले, क्रुसेडर ते युरोपात घेऊन गेले, आणि मार्को पोलोच्या वृत्तांतातून नशा पाजून कृत्रिम जन्नतीची सैर घडवणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सर्वदूर पोचली. फरहाद दफ्तरी यांनी १९९४च्या आपल्या ग्रंथात या दंतकथेचा धागान्‌धागा उसवून दाखवला आहे. आपल्यासाठी तर हा विषय दूर देशीचाही नाही. अलामूतच्या इमामांशी आपला वंश जोडणारे पहिले आगाखान मुंबईत राहिले आणि १८८१ मध्ये वारल्यावर माझगावच्या हसनाबादमध्ये दफन झाले. ती कबर बघायला रेल्वेचे तिकीट पुरते.

ही दोन नावे खेळात आली ती 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-पेन्सिल-फाशांच्या अमेरिकन खेळातून. १९७४च्या मूळ खेळात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. १९७५च्या एका पुरवणीत पॅलाडिन आला, दुसरीत असॅसिन. १९७८च्या नियमपुस्तकाने त्यावर शिक्का मारला. पॅलाडिन हा सज्जन आणि नियमनिष्ठच असला पाहिजे, असॅसिन हा दुष्टच असला पाहिजे. तो नियम होता. भल्या असॅसिनची कथा कुणाला रचायची असेल तर पुस्तकात तिला जागा नव्हती. रचणाऱ्यांच्या मनात मुसलमानांविषयी काही होते असे मी म्हणत नाही. बहुधा काहीच नव्हते. युरोपच्या गोष्टींचे गाठोडे त्यांनी उचलले आणि त्यातले जुने भांडण न पाहता तसेच पुढे दिले.

'डायब्लो टू' इथे वेगळा निघतो, म्हणूनच त्याच्यावर लिहावेसे वाटते. त्यातली असॅसिन ही बिघडलेल्या जादूगारांना शोधून मारणाऱ्या पंथाची स्त्री आहे, दुष्ट नव्हे. पॅलाडिन काळ्या वर्णाचा आहे, आणि तिसऱ्या अंकात त्याला स्वतःच्याच धर्मपीठाविरुद्ध शस्त्र उचलावे लागते, कारण त्या पीठावर सैतानाने कब्जा केला आहे. त्याच्या विद्यांची यादी मात्र सावकाश वाचावी अशी आहे. 'प्रेयर' ही प्रार्थनेची प्रभा जखमा भरते. 'कन्व्हर्शन'ने शत्रूचे धर्मांतर होते आणि तो ठरावीक वेळ आपल्या बाजूने लढतो. 'फॅनॅटिसिझम', म्हणजे चक्क धर्मांधता, ही वरच्या पातळीवर मिळणारी विद्या आहे. तिने स्वतःचा आणि सोबत्यांचा मारा वाढतो. 'झील' म्हणजे धर्मावेश हीसुद्धा त्याची विद्याच, आणि तिसऱ्या अंकात ज्यांना कापत जायचे त्या शत्रूंचे नाव 'झीलॉट'. एकच गुण नायकाच्या अंगी असला तर विद्या, समोरच्याच्या अंगी असला तर रोग. हे लिहिणाऱ्यांना उमगले होते की अनवधानाने घडले, हे खेळ सांगत नाही. मला ते उपरोधासारखे वाटते, आणि चांगल्या उपरोधाप्रमाणे तो कुणी समजावून सांगत नाही हेही बरेच.

खरी गोम दुसऱ्या अंकात आहे. कथा लुट घोलेन नावाच्या वाळवंटी बंदरात जाते. घुमट, बाजार, राजवाडा, राजवाड्यात जनानखाना आणि त्याच्या खाली राक्षसांनी भरलेली तळघरे. पौर्वात्य शहराचा सगळा नेहमीचा सरंजाम हजर आहे. इथला राजा जेरहिन सभ्य आहे, प्रजेची काळजी करणारा आहे. पण या शहराचा म्हणून ओळखावा असा एकही माणूस त्या शेकोटीपाशी उभा नव्हता. इथला शिपाई आपण होऊ शकत नाही. मोहरा मोजून त्याला भाड्याने मात्र घेऊ शकतो. तो भाला घेऊन आपल्या मागे चालतो, आणि गंमत अशी, की २००१च्या पुरवणीपासून याच भालाइताकडे पॅलाडिनच्या काही प्रभा असतात, प्रार्थनेचीसुद्धा. खेळणारे बाकी सर्व भाडोत्र्यांपेक्षा त्यालाच पसंती देतात. विद्या तीच, उपयोग मान्य, विश्वासूपणा मान्य, पण कथा त्याची नाही. मराठी ऐतिहासिक कादंबरीतले इमानी मुसलमान सरदार आणि तोफची ज्यांनी वाचले आहेत, त्यांना ही जागा ओळखू यावी. दुष्ट पात्रापेक्षा हा निष्ठावान सोबती समीक्षेला अधिक अवघड जातो, कारण त्याच्याविषयी तक्रार करायची तरी काय?

याच मालिकेच्या तिसऱ्या खेळाच्या २०१४च्या पुरवणीत जुन्या पॅलाडिनच्या जागी जो क्लास आला, त्याचे नाव 'क्रुसेडर'. निदान आडपडदा उरला नाही.

या सगळ्यापुढे २००२चा 'मॉरोविंड' ठेवून पाहावा. त्यात आपण कैदी म्हणून जहाजातून उतरतो. बंदरावरच्या जनगणना कचेरीत एक म्हातारा कारकून कागद घेऊन बसलेला असतो. तो तीन वाटा देतो. दहा प्रश्नांची उत्तरे द्या, त्यावरून मी तुमचा क्लास ठरवतो. किंवा छापील यादीतल्या एकवीस नावांपैकी एक घ्या. किंवा फॉर्म स्वतः भरा. तिसरी वाट धरली तर सत्तावीस कौशल्यांतून पाच मुख्य आणि पाच दुय्यम निवडायची, आणि वरच्या चौकटीत क्लासचे नाव स्वतः लिहायचे. तलवार, औषधीविद्या आणि गोड बोलणे एकत्र करून त्याला हकीम म्हणता येते, व्यापारी म्हणता येते, काहीही म्हणता येते. नाव कोणते लिहिले याने लढण्याच्या ताकदीत रतीभर फरक पडत नाही. पुढे वाढ होते ती जे प्रत्यक्ष केले त्याची. उडी मारणाऱ्याची उडी सुधारते, सौदा करणाऱ्याचा सौदा.

जाणकार 'मॉरोविंड'ला अवजड म्हणतात. त्यातली लढाई रटाळ आहे हे मलाही मान्य आहे. समोरच्याला तलवार लागलेली दिसते आणि खेळ म्हणतो वार चुकला. पण तो कारकून आणि ती कोरी चौकट यांच्याइतके धीट असे दुसरे काही या प्रकारच्या खेळांत मी पाहिलेले नाही. फॉर्म भरून झाला की तो कागदपत्रे आपल्या हाती देतो. ती पुढच्या अधिकाऱ्याला दाखवायची असतात, आणि तिथे सुटका होते.